क्राफ्ट बिअर चाखून मार्क द्यायचे कसे? (गोवा)

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. आमचा पणजी-पर्वरी-म्हापसा असा एक छोटा गट अधूनमधून कुणाच्यातरी घरी जमून क्राफ्ट बिअर चाखतो आणि दर वेळी गाडी एकाच ठिकाणी अडते, मार्क कशाला धरून द्यायचे. एक म्हणतो मस्त आहे, पाचातले साडेचार, शेजारचा म्हणतो कडूजहर आहे, दीड घे, आणि बोलतायत दोघं एकाच आयपीएबद्दल (इंडिया पेल एल, हॉप्स नावाच्या फुलांनी कडू केलेली बिअर). या दोन आकड्यांची सरासरी काढली की येतात तीन, आणि त्या तीनाचा त्या बिअरशी काडीचाही संबंध नाही. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मार्क बिअरच्या स्टाइलच्या चौकटीत द्यायचे, आणि त्याच्याही आधी ती बिअर ग्लासात आली तेव्हा धड होती का ते बघायचं. गोव्यात ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय, त्यावर खाली लिहितो.

स्टाइलचं आधी. भजनी स्पर्धेत परीक्षक अभंग म्हणणाऱ्याला ‘नाट्यगीतासारखी तान का नाही घेतलीस’ म्हणून मार्क कापत नाही, तसंच आहे हे. व्हीट बिअर कडू नाही म्हणून मार्क कमी आणि आयपीए कडू आहे म्हणूनही मार्क कमी, असं नाही चालत. अमेरिकेतली बीजेसीपी नावाची संस्था १९८५ पासून बिअरचे परीक्षक तयार करते, त्यांचा कागद ५० मार्कांचा असतो: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडाला लागणारा भरीवपणा ५ आणि एकूण मत १०. दिसण्याला फक्त तीन आणि वासाला बारा हे मला फार पटतं, कारण आपण सगळे ग्लास उजेडात धरून रंगच बघत बसतो आणि नाक घालायचं विसरतो. ओतल्या ओतल्या पहिला वास घ्यायचा, फेस बसायच्या आत, आणि जे येईल ते लगेच कागदावर लिहायचं, कारण दोन मिनिटांत निम्मं उडून जातं.

आता हेफेवाइझनचं (जर्मन गव्हाची बिअर) बघा, इथे टॅपवर सगळ्यात जास्त दिसणारी हीच. जर्मन नियमाप्रमाणे कमीत कमी निम्मं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं लागतं, एबीव्ही (अल्कोहोलचं प्रमाण) साधारण ४.३ ते ५.६ टक्के, कडूपणा अगदी थोडा, आयबीयू (कडूपणाचं माप) ८ ते १५. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो यीस्टमधून, कुणी केळं किंवा लवंग टाकलेली नसते. केळ्याचा वास आयसोअमिल अ‍ॅसिटेट नावाच्या एस्टरचा, आणि आंबवण्याचं तापमान वर गेलं की तो भसाभस वाढतो. म्हणजे नुसता पिकलेल्या केळ्याचा भपकारा आला आणि लवंग गायब असेल तर मी चवीत दोन-तीन मार्क कापतो, तोल गेलाय म्हणून. पण ती गढूळ आहे म्हणून कापायचे नाहीत, ती गढूळच असायला हवी. बाटली असेल तर दोन तृतीयांश ओतायची, उरलेली हलक्या हाताने गोल फिरवायची म्हणजे तळाचं यीस्ट सुटतं, मग ते वरून सोडायचं. न फिरवता ओतलेली हेफे आणि फिरवून ओतलेली हेफे शेजारी ठेवून बघा एकदा, वेगळ्या बिअर वाटतात.

पिल्सनर (फिकी सोनेरी, नितळ बिअर) याच्या उलट. १८४२ मध्ये प्लझेन या चेक शहरात योसेफ ग्रोल याने पहिली केली तेव्हापासून तिचं सगळं नाव स्वच्छपणावर. लपायला जागाच नाही, त्यामुळे जरा चूक झाली की दिसते. पिल्सनरला चाळीसच्या वर मार्क मिळवणं मला काळ्या स्टाउटपेक्षा खूप अवघड वाटतं.

आता अवस्था. आपल्याकडे मे महिन्यात तेहतीस-चौतीस अंश, त्यात कॅन गोदामातून टेम्पोत, टेम्पोतून दुकानात, दुकानात फ्रिजच्या बाहेर रॅकवर. हॉप्सचा वास आणि उष्णता यांचं अजिबात जमत नाही. म्हणून मी कागदावर सगळ्यात वर तीन गोष्टी लिहितो: कॅनवरची तारीख, घेतला तेव्हा थंड होता का, आणि ग्लास कसा होता. एवढं लिहिल्याशिवाय दिलेला आकडा मी तरी धरत नाही.

तुम्ही कसे देता मार्क? कुठल्या स्टाइलला अडता? (गोव्यात २१ च्या खालच्यांना मनाई आहे, आणि आमच्यात घरी सोडणारा पीत नाही, हे गृहीत धरूनच बोलूया.)

डिचोलीकर

+१, वाचनखूण साठवली. लाटंबार्से आमच्याच तालुक्यातलं, ‘माका दी’ बिअर बनवणारे लाटंबार्सें ब्रुअर्स तिथलेच, त्यामुळे आमच्याकडे आता सत्यनारायणाला आलेले पाहुणेसुद्धा हनी एल आणि ट्रिपल यातला फरक विचारतात. माझा प्रश्न ट्रिपलवरच आहे. आमचे मित्र स्ट्राँग बिअरवाले, ते म्हणतात गोडसर आहे पण चढते, मग पाच पैकी पाच. हे बरोबर का? आणि रंग इतका फिका असताना एवढी ताकद येते कुठून?

मांडवीकाठ

डिचोलीकर भाऊ, ट्रिपल ही बेल्जियमची, वेस्टमाल मठाने १९३० च्या दशकात तिची सुरुवात केली आणि १९५६ मध्ये आजची कृती ठरली. ७.५ ते ९.५ टक्के असते पण रंग फिका, कारण माल्ट फिकं आणि वरून साखर घालतात. ती साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं, म्हणून चांगली ट्रिपल शेवटी कोरडी लागते. पहिल्या घोटाला गोडसर वास, मध, मिरी, संत्र्यासारखं काहीतरी, आणि गिळल्यावर कोरडं. मार्क देताना हेच बघायचं, अल्कोहोल घशाला जाळतंय की नुसती ऊब देतंय. चढते म्हणून पाच हे काही मला पटत नाही, चढायचं मोजायचं असेल तर लेबलवर आकडा छापलेलाच आहे, चाखायची गरजच नाही.

नवीन_सभासद_मडगाव

काळी बिअर म्हणजे जास्त स्ट्राँग ना? मी स्टाउटला हातच लावत नाही त्या भीतीने.

मांडवीकाठ

नाही नाही. रंगाचा आणि ताकदीचा संबंध नाही. गिनेस ड्राफ्ट ही प्रसिद्ध आयरिश स्टाउट ४.२ टक्के आहे, आपल्या दुकानात मिळणाऱ्या फिक्या पिवळ्या ‘स्ट्राँग’ बिअर त्याच्या दीडपट-दुप्पट असतात. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा. इम्पीरियल स्टाउट मात्र खरंच जड असते, लेबल वाचून घ्या. आणि स्टाउट बर्फगार नको, फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, कॉफी-कोकोचा वास तेव्हाच उघडतो.

शुभा_फोंडा

छान विषय. मी मायक्रोबायोलॉजीची, त्यामुळे ‘अवस्था’ या मुद्द्याला जोरदार अनुमोदन, आणि त्यात थोडी भर घालते कारण इथे लोक दोषालाच चव समजून मार्क देतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

लोण्यासारखा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल. यीस्ट आंबवताना त्याची सुरुवात करतं आणि शेवटी स्वतःच ते परत शोषून घेतं, पण त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो, लॅगर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) असेल तर शेवटी दोन-तीन दिवस तापमान थोडं वर नेऊन ठेवतात. घाई केली की वास राहतो. मक्याच्या उकडलेल्या कणसाचा वास आला तर डीएमएस, उकळणं कमी पडलं. हिरव्या सफरचंदाचा आला तर अ‍ॅसिटाल्डिहाइड, बिअर अजून कोवळी आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर जुनी झालीये, हवा लागलीये. आणि तो विचित्र उग्र वास, ज्याला बाहेर स्कंक म्हणतात, तो उन्हाचा. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की ते तुटून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि त्याला मिनिटं पुरतात. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला काही संरक्षण नाही, तपकिरी बाटली बरीच बरी, कॅन सगळ्यात उत्तम. किनाऱ्यावर टेबलावर उन्हात ठेवलेला ग्लाससुद्धा बिघडतो, बाटलीच पाहिजे असं नाही. सावलीला बसा एवढंच सांगणं.

एका टॅपरूममध्ये (नाव घेत नाही) मला लॅगर दिली, पहिला वासच लोण्याचा. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं तर म्हणाला मॅडम ही स्टाइलच अशी आहे. स्टाइल अशी नसते. काही चेक लॅगरमध्ये आणि इंग्लिश एलमध्ये (एल म्हणजे उबेत आंबवलेली) अगदी पुसटसा चालतो, पण हा पुसट नव्हता. माझ्या मागच्या टेबलावरचे दोघे तीच बिअर पिऊन ‘क्रीमी आहे’ म्हणून ॲपवर चार तारे देत होते. टॅपचे पाइप दर दोन आठवड्यांनी धुवायला हवेत, नाही धुतले तर चांगल्या बिअरलाही असला वास लागतो, म्हणजे मार्क ब्रुअरचे कापायचे की बारचे हाही प्रश्नच आहे.

आणि ग्लास! आपल्याकडे स्वयंपाकघरात खोबरेल, माशाची भांडी, सगळं एकाच घासणीने. ग्लासाला तेलाचा अंश राहिला की फेस अर्ध्या मिनिटात बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर तिथे काहीतरी लागलेलं आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एक कड काचेवर राहते. वेगळी घासणी, गरम पाणी, उपडा घालून वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही.

कुळागर

शुभाताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून लावण्यासारखा आहे. देव बरें करूं.

पिंपरीतून_पेडण्यात

धागा आवडला पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. मी पुण्याहून आलो, २००९ ला तिथे डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवणारा बार) सुरू झाली तेव्हापासून पितोय, आणि मला ही स्टाइलची चौकटच उसनी वाटते. कोण कुठली संस्था ठरवणार हेफेला केळं किती आणि लवंग किती, आणि आपण पेडण्यात बसून त्यांच्या कागदावर टिकमार्क करणार? स्टाइली काही दगडावर कोरलेल्या नाहीत. विटबिअर (बेल्जियमची गव्हाची बिअर) हुगार्डन गावात संपलीच होती, पिएर सेलिसने १९६० च्या दशकात ती परत उभी केली, ती त्याच्या आठवणीतली विट होती. बीजेसीपीचे स्वतःचे नियम २०१५ ला बदलले, परत २०२१ ला बदलले. बव्हेरियात १५१६ चा कायदा होता की बार्ली, हॉप्स, पाणी याशिवाय काही नको, आणि तिकडे वर गोस्लारला आणि नंतर लाइपझिगला गोझे या आंबट बिअरमध्ये मीठ आणि धणे खुशाल घालत होते. मग आपल्या ब्रुअरने कोकम घातलं की त्याला ‘चौकटीबाहेर’ म्हणून कमी मार्क? मला हे मान्य नाही. मी प्यायलो, मला परत घ्यावीशी वाटली का, बस. तोच आकडा खरा.

मांडवीकाठ

तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही, पण कोकम घातलं म्हणून कुणी मार्क कापा असं मी म्हणतच नाहीये. ब्रुअरने लेबलवर ‘गोझे’ लिहिलं तर त्याने मला काहीतरी शब्द दिलाय: आंबट असेल, किंचित खारट असेल, धण्याचा हलका वास असेल, हलकी असेल, साडेचार टक्क्यांच्या आसपास. तो शब्द पाळला का एवढंच मी बघतो. त्याने ‘कोकम सावर एल’ लिहिलं असतं तर मी मीठ शोधलंच नसतं. चौकट ब्रुअर स्वतः निवडतो, मी लादत नाही.

आणि ‘परत घ्यावीशी वाटली का’ हे तुमच्या जिभेचं मोजमाप आहे, बिअरचं नाही. मला स्वतःला आंबट बिअर फारशा आवडत नाहीत. तरी मी गोझेला ४१ दिलेत, कारण ती उत्तम केलेली होती. वाचणाऱ्याला माझ्या आवडीशी काय करायचंय?

कुळागर

कोकमाचा विषय निघालाय तर बोलतो, घरची भिरणां (कोकमाची फळं) आहेत. गोझेमधला आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे ताकातलं तेच. कोकमाच्या सालीतलं आम्ल मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक, ते जिभेच्या कडेला लागतं आणि मागे तुरटपणा सोडून जातं. हे दोन आंबट एकमेकांवर चढवले की कुठलं तरी एक दबतं. मी ज्या कोकम घातलेल्या बिअर प्यायलो त्यातल्या काहींत ब्रुअरने आगळ (कोकमाचा दाट रस) ओतलं होतं असं चवीवरून मला वाटलं, आणि आगळात मीठ आधीच असतं, मग गोझेचं मीठ वेगळं घातलं की ती बिअर राहत नाही, सोलकढी होते नारळाशिवाय. सुकवलेली सोलं घेतली, बिनमिठाची, आणि आंबवणं संपल्यावर थोडाच वेळ ठेवली तर रंग सुंदर येतो, लालभडक, आम्लात तो रंग टिकतोही छान, आणि चव पुढे येत नाही, मागे राहते. अशी एक प्यायलोय, तिला मी डोळे झाकून ४० च्या वर दिले असते. मला वाटतं पेडणेकरांना हवी ती ‘आपली स्टाइल’ अशीच तयार होईल, पण त्यासाठी कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे की चांगली कोकम गोझे म्हणजे काय. म्हणजे फिरून चौकटच आली ना.

पिंपरीतून_पेडण्यात

हम्म. हे शेवटचं वाक्य पटलं, नाइलाजाने नाही, खरंच पटलं. आपण लिहिलेली चौकट असेल तर मी तयार आहे.

रापणकार

खाण्याचं कुणी बोललंच नाही. चाखताना मार्क देणार असाल तर चोरीस आणि रेशाद मसाला ताटात नकोच, तिखटाने आयपीएचा कडूपणा दुप्पट लागतो आणि बिचाऱ्या बिअरचे मार्क जातात. आम्ही फक्त पोई (गोव्याचा पाव) ठेवतो, पोदेराकडची सकाळची, आणि साधं पाणी. मार्क देऊन झाले की मग खरं जेवण. विटबिअरबरोबर रव्यातले माणके (स्क्विड), तिच्यातला संत्र्याच्या सालीचा आणि धण्याचा वास माशाला फार छान धरतो. कोरड्या स्टाउटबरोबर कालवां, हे तर जुनं समीकरण आहे, आयर्लंड-इंग्लंडमधलं, पण आपली कालवां त्याला अजून चांगली लागतात असं माझं ठाम मत. स्टाउट आणि बिबिंक (थराथरांचं गोव्याचं गोड) पण करून बघा, बिबिंकीच्या त्या वरच्या भाजलेल्या थरासाठी.

आणि एक, काजूच्या हंगामात त्याच दिवशी हुर्राक (काजूची दारू) घेतला असेल तर बिअर चाखायला बसू नका. हुर्राकाचा वास नाकात ठाण मांडतो, दुसरं काही येतच नाही.

हॉप्सवाला

आयपीएबद्दल एक. सगळीकडे वाचतो की इंग्रजांनी भारतासाठी ही बिअर शोधून काढली कारण बाकीच्या बोटीत नासायच्या. मग आपल्या देशाची म्हणून तिला जास्त मान द्यायला हवा की नको 🙂

मांडवीकाठ

ती गोष्ट तितकी सरळ नाहीये. पेल एल इंग्लंडमध्ये आधीपासून होत होती, लंडनच्या बो भागातला हॉजसन अठराव्या शतकाच्या शेवटी ती ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर द्यायचा, म्हणून त्याचा माल इथे खपला. पोर्टर (काळसर बिअर) पण भरपूर यायची आणि तीही व्यवस्थित पोचायची, म्हणजे बाकीच्या नासायच्याच असं काही नाही. १८२० च्या दशकात बर्टनवाले शिरले, तिथल्या पाण्यात जिप्सम असल्याने हॉप्सचा कडूपणा जास्त खुलायचा, आणि त्यांनी बाजार घेतला. पण आज टॅपवर मिळते ती बहुतेक अमेरिकन आयपीए, सिट्रा, मोझेइक असले हॉप्स, लिंबू-आंबा-पेरूचे वास, ४० ते ७० आयबीयू. तिचा त्या जहाजवाल्या बिअरशी फक्त नावापुरता संबंध. मान द्यायचा तर ताज्या हॉप्सला द्या.

ताज्यावरून आठवलं, शेवटच्या बैठकीतलं सांगतो. एकच आयपीए, एकाच ब्रुअरीची, दोन कॅन, एक ताजा आणि फ्रिजमधला, दुसरा पाच महिन्यांचा, रॅकवरून घेतलेला. एकाने आत स्वयंपाकघरात ओतले, ग्लासांच्या तळाला टेपवर क, ख, ग लिहिलं, मध्ये फसवायला एक वेगळी पेल एल ठेवली, बाहेर बसलेल्या कुणालाच काही माहीत नाही. क ला सरासरी ३९ आले: आंबा, संत्र्याची साल, शेवट कोरडा. ग ला २५: मधासारखा जड गोडवा, वास जवळजवळ शून्य, आणि एकाने ‘ओला पुठ्ठा’ असं चक्क लिहिलं होतं. रंगसुद्धा ग चा मातकट. ग्लासाखालची टेप बघितल्यावर कळलं, क आणि ग एकच बिअर. आता या ब्रुअरीला ३९ द्यायचे की २५? म्हणून म्हणतो तारीख लिहा.

डिचोलीकर

हे वाचून घरातले कॅन तपासले. दोन रॅकवर होते, फ्रिजमध्ये टाकले. उभे ठेवायचे की आडवे?

शुभा_फोंडा

उभे. तळाचं यीस्ट तळालाच राहतं. आणि एकदा थंड केलेले परत बाहेर काढून ठेवू नका, थंडच राहू द्या. हेफे आणि आयपीए आधी संपवा, इम्पीरियल स्टाउट आणि ट्रिपल थांबू शकतात.

पिंपरीतून_पेडण्यात

माझी एक मागणी आहे, मांडवीकाठ. ५० मार्कांच्या कागदावर तळाला एकच ओळ वाढवा: ‘स्वतःच्या पैशाने परत घेईन का – हो/नाही’. मार्कात धरू नका, नुसती लिहा. तुमची ४१ वाली गोझे बघा, तुम्ही तिथे ‘नाही’ लिहाल, आणि वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी कळतील.

मांडवीकाठ

मान्य, वाढवतो. श्रावण लागायच्या आधी एक बैठक घेऊया म्हणजे सगळ्यांना येता येईल. मासेबंदी चालू असेल, रापणकारांनी माणक्यांऐवजी सुक्या सुंगटांचं किस्मूर चालतंय का सांगावं. क्रम असा ठेवतोय: पिल्सनर, विट, हेफे, मग दोन कोकम गोझे, मग आयपीए, ट्रिपल आणि शेवटी स्टाउट, प्रत्येकी शंभर मिली, त्याहून जास्त नाही. कुळागर, तुम्ही चांगल्या कोकम गोझेबद्दल दहा-बारा ओळी लिहून आणा: रंग, वास, मीठ किती, तुरटपणा किती चालेल. त्या दोन ग्लासांना आपण बीजेसीपीच्या नाही, तुमच्या ओळी धरून मार्क देऊ.

कुळागर

लिहितो. बिनमिठाची सोलं पण थोडी आणतो, आधी नुसती पाण्यात भिजवून सगळ्यांनी चाखा म्हणजे कोकम नेमकं किती बोलतं ते जिभेला कळेल, मग बिअर ओता.